सायकल आली आणि रेस्ट डे गेला

नमस्कार ताई,
मी ३७ वर्षांची, नोकरी करते, तीन वर्षं झाली धावतेय, दोन हाफ मॅरेथॉन झाल्या. पाच महिन्यांपूर्वी रोड बाईक घेतली आणि आता दोन्हीचं वेड लागलंय. आधी आठवड्यात चार दिवस धावायचे, मंगळवारी तासभर इंटरव्हल्स (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटूनपालटून), गुरुवारी ५० मिनिटं, शनिवारी ४० मिनिटं हळू आणि रविवारी पावणेदोन तासांचा लाँग रन. आता धावणं उलट कमी केलंय, शनिवारचा रन काढून टाकला. सोमवारी तासभर सायकल, बुधवारी सव्वा तास ग्रुप राईड (फास्ट असते), शुक्रवारी एक तास, शनिवारी ग्रुपबरोबर तीन तास, आणि रविवारचा लाँग रन आता दोन तास. सुरुवातीला भारी वाटत होतं, धावण्याचा पेस आपोआप सुधारला, वजन अडीच किलो उतरलं. पण गेला महिनाभर सगळं बिनसलंय. पाय जड, पेस परत घसरला, रात्री तीनला जाग येते ती येतेच, घड्याळात सकाळचा रेस्टिंग हार्ट रेट ५४ असायचा तो आता ६२ दाखवतो, घरात चिडचिड होते. डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखतं, आधी फक्त रनच्या सुरुवातीला दुखायचं आणि मग जायचं, आता जिने चढतानाही जाणवतं. पाळीही मागच्या दोन्ही वेळेला लांबली. आठ आठवड्यांनी ग्रुपबरोबर १०० किमी राईड आहे आणि बारा आठवड्यांनी हाफ मॅरेथॉन. ग्रुपमधला मित्र म्हणतो सायकल म्हणजे रेस्टच असतो गं, तिने काही होत नाही. नवरा म्हणतो एक काहीतरी सोड. मला दोन्ही सोडवत नाही. धावणं कमी करूनही नडगी का दुखतेय? आणि सायकलवरून उतरून लगेच धावायचं ते ब्रिक का काय ते मी करावं का?
— दोन्ही हवंय

प्रिय मैत्रिणी,

आधी तुझ्या नवऱ्याच्या म्हणण्याबद्दल, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. एक सोडायची गरज नाहीये. धावणं आणि सायकल ही जोडी खरंच चांगली आहे, ज्यांना धावून धावून सारखं काहीतरी दुखतं त्यांना मी स्वतःहून सायकल घ्यायला सांगते, आणि नुसती सायकल चालवणाऱ्यांना थोडं धावायला सांगते, कारण सायकलवर हाडांवर भार फारसा येत नाही आणि वर्षानुवर्षं फक्त रोड सायकलिंग करणाऱ्या बऱ्याच जणांची मणक्याची हाडं विरळ झालेली आढळतात. तेव्हा दोन्ही ठेव. पण हे वाचतेयस त्या दिवसापासून धावणं बंद. कायमचं नाही, त्या नडगीचा निकाल लागेपर्यंत.

नडगीचं पहिलं बघू कारण बाकीचं दोन आठवडे इकडेतिकडे झालं तरी चालेल, हे चालणार नाही. खुर्चीत बस आणि नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेवरून घोट्यापासून वर बोट दाबत ने. एका लांब पट्ट्यात, म्हणजे पाच सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त, सगळीकडे थोडं थोडं दुखत असेल तर बहुतेक ज्याला शिन स्प्लिंट म्हणतात ते असतं, ते त्रास देतं पण भार कमी केला की शांत होतं. पण जर एकाच जागी, नाण्याएवढ्या जागेत, बोट लावल्यावर कळ जात असेल, किंवा रात्री झोपेत ठणकत असेल, किंवा नुसतं चालतानाही दुखत असेल तर हाडात स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे सारख्या भाराने पडणाऱ्या बारीक तड्याची, सुरुवात असू शकते. आधी वॉर्मअप झालं की जाणारं दुखणं आता जिन्यावर येतंय हा प्रवास मला अजिबात आवडलेला नाही, त्यामुळे बोटाने काहीही कळो, या आठवड्यात ऑर्थोपेडिक किंवा स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांना दाखव. आणि त्यांना पाळी लांबल्याचंही आपणहून सांग, नडगी दाखवायला गेल्यावर ते कोणी सांगत नाही आणि डॉक्टरही दर वेळी विचारतातच असं नाही, पण त्याचा हाडाशी थेट संबंध आहे, त्यावर खाली येतेच. अजून एक, सुरुवातीच्या दोनतीन आठवड्यांत स्ट्रेस फ्रॅक्चर एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसतं, म्हणून एक्स-रे नॉर्मल आला की लगेच बूट घालून बाहेर पडू नकोस. एका पायावर उड्या मारून घरी टेस्ट करायची पद्धत बरेच जण सांगतात, ती तू करू नकोस, ज्या हाडाची शंका आहे त्याच्यावरच उड्या मारायच्या हे मला पटत नाही, ते डॉक्टरांसमोर होऊ दे.

आता तुझा खरा प्रश्न, धावणं कमी करूनही नडगी का? हा प्रश्न फार चांगला आहे आणि याचं उत्तर कळलं की पुढचं नियोजन तुझं तुलाच सुचेल.

तू अगदी आनंदाने लिहिलंस की सायकल सुरू केल्यावर धावण्याचा पेस आपोआप सुधारला. माझ्या मते गडबड तिथूनच सुरू झाली. शरीरातले सगळे भाग एका वेगाने तयार होत नाहीत. रक्ताचं प्रमाण पहिल्या एकदोन आठवड्यांतच वाढायला लागतं, हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत बदलतात, टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) त्याच्या बरेच मागे असतात आणि हाड तर सगळ्यात मागे, कारण हाडावर नवा भार आला की शरीर आधी तिथलं जुनं हाड थोडं काढून टाकतं आणि मग नवीन भरतं, या एका फेरीला तीनचार महिने लागतात, आणि मधल्या काळात ती जागा उलट कमकुवत असते. आता तुझ्याबाबतीत काय झालं तर आठवड्याला सहासात तास सायकल चालवून दम वाढला, तो दम घेऊन तू धावायला गेलीस, श्वास लागेना म्हणून पाय आपोआप जोरात पडायला लागले. फुप्फुसांनी परवानगी दिली पण नडगीला कोणी विचारलंच नाही. धावताना मिनिटाला साधारण १६० ते १८० पावलं पडतात, म्हणजे तासाला दहा हजारांच्या आसपास, आणि प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन ते तीन पट जोर जमिनीकडून परत येतो, वेग वाढला की तो वाढतो. नुसतं धावणारी बाई सहसा दम लागतो म्हणून आपोआप हळू होते, ती एक प्रकारची राखण असते. सायकलने ती राखण काढून घेतली. म्हणून दिवस चारचे तीन झाले तरी नडगीवरचा भार कमी झाला नाही, रविवारचा रन तर पंधरा मिनिटांनी वाढला आणि तोही जास्त वेगात.

आणि त्यात रविवार कुठे आलाय बघ, शनिवारच्या तीन तासांच्या राईडनंतर. जमिनीचा धक्का आधी स्नायू झेलतात, पोटरी आणि मांडी, आणि जे उरतं ते हाडापर्यंत जातं. दमलेला स्नायू कमी झेलतो. शनिवारी पोटऱ्या आणि मांड्या रिकाम्या करून रविवारी दोन तास धावणं म्हणजे आठवड्यातला सगळ्यात मोठा धक्का आठवड्यातल्या सगळ्यात दमलेल्या पायांवर घेणं. तुझ्या पूर्ण आठवड्यात एकच गोष्ट बदलायची परवानगी मला मिळाली असती तर मी हा क्रम बदलला असता.

तुझ्या मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे म्हणून ते इतकं पसरतं. सायकलवर धक्का नसतो हे खरं. शिवाय पॅडल मारताना स्नायू आखडत काम करतो, धावताना पाय टेकतो तेव्हा तो ताणला जात असताना ब्रेक लावतो, आणि स्नायूची झीज जास्त करून या दुसऱ्या प्रकारात होते, मोठ्या रननंतर २४ ते ७२ तासांत जे अंग धरतं ते त्याचंच. त्यामुळे रनच्या दुसऱ्या दिवशी अर्धा पाऊण तास एकदम हलकी सायकल, हलक्या गिअरवर, चढ टाळून, ही खरंच रिकव्हरी असते. पण हृदयाला, हार्मोन्सना, स्नायूंतल्या साखरेच्या साठ्याला, झोपेला हे काम रनिंगचं आणि ते सायकलचं असं वेगळं कळत नाही. दोन्ही खेळांची पावती एकाच शरीराच्या नावावर फाटते. फास्ट ग्रुप राईड हा रेस्ट नाहीच, तो तुझ्या आठवड्यातला दुसरा इंटरव्हलचा दिवस आहे, फक्त त्याचं नाव वेगळं आहे.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक साधा हिशोब आहे, कार्ल फॉस्टर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडलेला आणि आजही सगळीकडे वापरला जाणारा. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारायचं, एकंदर किती कठीण गेलं, शून्य ते दहात. तो मार्क गुणिले मिनिटं. बस. यात किलोमीटर नाही, पॉवर मीटर नाही, आणि धावणं-सायकल एकाच मापात येतं, जे किलोमीटरमध्ये कधीच येत नाही. तुझ्या पत्रावरून मी अंदाजे मार्क दिले. आधीचा आठवडा, इंटरव्हल्स ६० मिनिटं गुणिले ८ म्हणजे ४८०, गुरुवार ५० गुणिले ५ म्हणजे २५०, शनिवारचा हळू रन १६०, लाँग रन १०५ गुणिले ६ म्हणजे ६३०, एकूण १५२०. आता आत्ताचा आठवडा, सोमवार २४०, मंगळवार ४८०, बुधवारची ग्रुप राईड ७५ गुणिले ७ म्हणजे ५२५, गुरुवार २५०, शुक्रवार ३६०, शनिवार १८० गुणिले ६ म्हणजे १०८०, रविवार ७२०. एकूण ३६५५. सव्वाचार तासांवरून दहा तासांवर गेलीस आणि एकंदर भार दुपटीच्याही वर, पाच महिन्यांत, नोकरी सांभाळून, आणि सात दिवसांत एकही दिवस सुट्टी नाही. तू आळशीही नाहीस आणि म्हातारीही झालेली नाहीस, हा आकडा कोणालाही दमवेल. मार्क मी दिलेत, तू स्वतः देशील तेव्हा थोडे इकडेतिकडे होतील, पण चित्र बदलणार नाही.

याच फॉस्टरचा अजून एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही, तो म्हणजे एकसुरीपणा. एकूण भार तेवढाच असला तरी रोज सारखा भार असेल तर शरीर जास्त लवकर थकतं, एक दिवस जड आणि एक दिवस खरंच हलका असेल तर तेवढंच काम पचतं. तुझे दिवस बघ, मंगळवार सोडला तर चार, पाच, सहा, सात, सगळं मधलंच, खरा हलका एकही नाही. स्टीफन सायलर या क्रीडाशास्त्रज्ञांनी लांब पल्ल्याच्या, दमाच्या खेळांतल्या नावाजलेल्या खेळाडूंचं ट्रेनिंग अभ्यासलं तेव्हा त्यांची साधारण ८० टक्के सत्रं सोप्या तीव्रतेची निघाली, आणि आपण नोकरी करून धावणारे लोक नेमकं उलटं करतो, सोपं जरा जास्त जोरात करतो आणि मग कठीणच्या दिवशी पायात काही उरत नाही. सोपं म्हणजे किती सोपं? पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. दोनतीन शब्दांवर श्वास घ्यावा लागला तर ते सोपं राहिलं नाही, घड्याळ काहीही म्हणो. आणि घड्याळावरून आठवलं, सायकलवर त्याच मेहनतीला हार्ट रेट धावण्यापेक्षा सहसा पाचदहाने कमी येतो, बसलेली असतेस, कमी स्नायू काम करतात, म्हणून रनचा आकडा सायकलवर गाठायला जाऊ नकोस, नाहीतर प्रत्येक सोपी राईड नकळत टेम्पो, म्हणजे बऱ्यापैकी जोराची, होईल.

तर आता करायचं काय.

पहिले दोन आठवडे, डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नाही असं धरून, धावणं शून्य, सायकल आठवड्यात तीनदा, ४५ मिनिटं ते दीड तास, सगळी बोलता येईल अशी. पॅडल मारताना नडगी दुखली तर सायकलही बंद. आणि न धावल्याने जे तास मोकळे होतील ते सायकलवर ओतू नकोस, ही चूक जवळजवळ सगळे करतात, धावता येत नाही ना मग शंभर शंभर किलोमीटर, आणि मग नडगी बरी होते पण थकवा तसाच राहतो. तुला नडगीबरोबर थकवाही बरा करायचाय. तुझा वाढलेला रेस्टिंग हार्ट रेट, झोपमोड, चिडचिड, घसरलेला पेस, हे एकत्र आलंय म्हणजे तू ज्याला ओव्हररीचिंग (शरीराला पचेल त्याहून जास्त व्यायाम) म्हणतात त्यात बरीच आत गेलेली वाटतेस. नुकतं झालेलं ओव्हररीचिंग थोड्या दिवसांच्या आरामाने जातं, लांबलं तर आठवडे लागतात, आणि खरं ओव्हरट्रेनिंग झालं तर महिने जातात, म्हणून आत्ता दोन आठवडे देणं स्वस्त आहे. एका सकाळच्या आकड्यावरून घाबरू नकोस, सर्दी, उष्णता, कमी झोप, कशानेही तो वाढतो, पण सलग चारपाच दिवस नेहमीपेक्षा सात-आठने जास्त असेल तर त्या दिवसांत जोराचं काही करायचं नाही.

नंतर धावणं परत आणायचं ते चालत. आधी रोज अर्धा तास भरभर चालून काही दुखत नाहीये असे चारपाच दिवस जाऊ दे. मग एक मिनिट धावणं दोन मिनिटं चालणं, वीस मिनिटं, एक दिवस आड. मग धावण्याचा भाग वाढवत जायचा, वेग नाही. दुखलं तर मागच्या पायरीवर. कंटाळवाणं आहे, माहितीये मला, विशेषतः तुझ्यासारखीला जिचा दम दोन तास पळायला तयार आहे. पण तुझ्या बाबतीत दमावर भरवसा ठेवायचाच नाहीये, दम खोटं बोलतोय.

त्यापुढचा आठवडा मी असा बसवीन. सोमवार पूर्ण सुट्टी, सायकल नाही, हलकी पण नाही. मंगळवारी जोराचा रन, वॉर्मअप धरून ५० मिनिटं, आणि त्याच दिवशी संध्याकाळी वीस मिनिटं स्ट्रेंथ, पोटरी, मांडी, खुबा. एकाच दिवशी का, तर जड ते जड दिवशीच उरकावं म्हणजे हलका दिवस हलका राहतो. बुधवारी एक तास सोपी सायकल. गुरुवारी ४५ मिनिटं सोपा रन. शुक्रवारी परत वीस मिनिटं स्ट्रेंथ किंवा काहीच नाही. आणि शनिवार-रविवार मिळून एकच मोठी गोष्ट. एका वीकेंडला शनिवारी ग्रुपची तीन तासांची राईड आणि रविवारी ४० मिनिटं अगदी हळू रन, पुढच्या वीकेंडला शनिवारी ताज्या पायांनी लाँग रन आणि रविवारी दीड तास सोपी सायकल. रनच्या मागे सायकल आली की शरीर सहज घेतं, मोठ्या राईडच्या मागे मोठा रन आला की घेत नाही. हिशोब लावून बघ, ग्रुपची राईड जरा हळू, पाच मार्कांची केलीस तर राईडच्या आठवड्यात १७००-१८०० च्या आसपास येतो, रनच्या आठवड्यात १५०० च्या आसपास, स्ट्रेंथचे दोनेकशे धरले तरी तुझ्या आत्ताच्या आकड्याच्या साधारण निम्मा. आणि तरी दोन्ही खेळ आहेत, ग्रुपही आहे.

बुधवारच्या फास्ट ग्रुप राईडचं तुला वाईट वाटेल. ती हवीच असेल तर त्या आठवड्यात मंगळवारचे इंटरव्हल्स काढ, दोन्ही नाही. वीकेंडची मोठी राईड किंवा लाँग रन धरून आठवड्यात जोराची सत्रं दोन, दोन्ही खेळ मिळून दोन, प्रत्येक खेळाची दोन नाहीत. आणि शनिवारी ग्रुप पुढे निघून गेला तर जाऊ दे, नाहीतर ज्या दोघातिघांना हळू चालवायचं असतं पण बोलत नाहीत त्यांना शोध, प्रत्येक ग्रुपमध्ये असतात.

वाढवायचं किती हे तू विचारलं नाहीस पण विचारशील, आणि कोणीतरी दहा टक्क्यांचा नियम सांगेल. तो ऐकायला छान आहे पण त्याच्यामागे पुरावा फारसा नाही, नेदरलँड्समध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नवीन धावणाऱ्यांचे दोन गट केले होते, एक दहा टक्क्यांच्या हिशोबाने हळूहळू वाढवणारा आणि एक त्याहून लवकर वाढवणारा, दोन्हीकडे दुखापती जवळजवळ सारख्याच झाल्या, दर पाच जणांत एक. मी टक्क्यांपेक्षा असं बघते की एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवायची. रनची वेळ वाढवली तर वेग नाही, सायकलचे तास वाढवले तर रन जिथे आहे तिथेच. तीन आठवडे थोडं थोडं वाढव आणि चौथ्या आठवड्यात एकूण आकडा तिसऱ्यापेक्षा तिसरा हिस्सा कमी कर, तब्येत छान वाटत असली तरी.

खाण्यावर मी जरा कडक बोलणार आहे. अडीच किलो वजन उतरलं, पाळी दोनदा लांबली, हाड दुखतंय, झोप मोडतेय, हे चार वेगवेगळे प्रश्न नसून एकच असण्याची शक्यता बरीच आहे. तू दहा तासांचा व्यायाम करतेस आणि खाणं बहुधा सव्वाचार तासांचंच राहिलंय. शरीराला पुरेशी ऊर्जा मिळाली नाही की ते ज्याच्याशिवाय आज चालेल अशा गोष्टी बंद करायला लागतं, पाळीची हार्मोन्स आणि हाड भरणं त्यात आधी येतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली याला रेड-एस असं नाव दिलं आणि ते बायकांनाच होतं असंही नाही, पुरुषांनाही होतं, फक्त त्यांना पाळीसारखी उघड खूण मिळत नाही. तीन महिने पाळी बंद होईपर्यंत वाट बघू नकोस, स्त्रीरोगतज्ज्ञांना आत्ताच दाखव, रक्त तपासणीत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि व्हिटॅमिन डी बघायला सांग, गरोदर नाहीस ना हेही बघून घे, दुसरंही कारण निघू शकतं आणि ते निघालेलं बरं. तोपर्यंत वजन कमी करायचा विचार पूर्ण बाजूला. रिकाम्या पोटी लांब राईड नाही, रिकाम्या पोटी इंटरव्हल्स नाहीत. दीड तासाच्या वर काहीही असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट, आणि भूक लागायच्या आधीपासून. लांब राईडनंतर भूक मेलेली असते, त्या भुकेला विचारू नकोस, तासाभरात नीट जेव.

सायकलचं सेटिंग थोडक्यात, कारण पत्रात गुडघ्याची तक्रार नाहीये. पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा वाक राहिला पाहिजे, सीट खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो, फार वर असेल तर मागून दुखतो आणि कंबर डावी-उजवी डुलते. जड गिअर रेटत बसू नकोस, मिनिटाला ८० ते ९० फेऱ्या ठेव, पाय दुसऱ्या दिवशी रनसाठी जास्त ताजे राहतात.

राहिले दोन इव्हेंट. दोन्ही पूर्ण जोरात होणार नाहीत, एक मुख्य ठरव. नडगीमुळे निवड खरं तर तुझ्यासाठी झालेलीच आहे, १०० किमी राईड आठ आठवड्यांवर आहे, सायकलवर धक्का नाही, आणि तीन तास तू आत्ताच चालवतेस, लांब राईड ७५-८० किमीपर्यंत एकदोनदा झाली की १०० होतात, ती तुझी मुख्य. नीट खाऊन, गप्पा मारत, शेवटपर्यंत बोलता येईल अशा वेगात. हाफचा निर्णय सहाव्या आठवड्याच्या शेवटी घे आणि कसोटी एकच, सलग ६० मिनिटं सोप्या वेगात धावता आलं आणि त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, नडगीने काही म्हटलं नाही. जमलं तर हाफ करायची पण पूर्ण करण्यासाठी, वेळेसाठी नाही, १०० किमीनंतरचे पाच दिवस जोराचं काही नाही, मग दोन आठवडे धावण्याला प्राधान्य, आणि शेवटच्या दहा दिवसांत एकूण वेळ निम्म्यावर आणायची, थोडा वेगाचा भाग तसाच ठेवायचा म्हणजे पाय झोपत नाहीत. नाही जमलं तर ही हाफ सोडून दे. डॉक्टरांनी हाडात खरंच स्ट्रेस फ्रॅक्चर आहे असं सांगितलं तर मग हे सगळं वेळापत्रक रद्द, ते सांगतील तेच वेळापत्रक.

नवऱ्याला हे पत्र वाचायला दे, आणि सोमवारची सुट्टी त्याच्या हवाली कर, तू सोमवारी हेल्मेट शोधायला लागलीस की त्याने विचारायचं.

आणि ब्रिक. आत्ता नाही. सायकलवरून उतरून लगेच धावताना पाय परके वाटतात, ती सवय डुएथलॉन (धावणं-सायकल-धावणं) किंवा ट्रायथलॉन (पोहणं-सायकल-धावणं) करणाऱ्यांना लागते कारण त्यांना स्पर्धेत तेच करायचं असतं. तुझे दोन्ही इव्हेंट चार आठवड्यांच्या अंतराने आहेत, एकामागोमाग नाहीत, त्यामुळे दमलेल्या पोटऱ्यांवर धावण्याचा तुला काही फायदा नाही आणि नडगीला तोटाच आहे. पुढच्या वर्षी डुएथलॉन करावंसं वाटलं तर नडगी सहा महिने शांत आहे असं बघून सोप्या राईडनंतर दहा मिनिटं सोपं धावणं, दोन आठवड्यांतून एकदा, इतक्यावर सुरू करू. डॉक्टरांकडे जाऊन आलीस की काय म्हणाले ते कळव.

— तुझी ताई